कळी आणि गाठ

तीन वर्षांच्या मुलीला स्तनांचा कर्करोग झाला, ऑपरेशन करावं लागलं, असं कुणालाही सांगून बघा. समोरचं माणूस आधी "काय?" म्हणतं, मग "शक्यच नाही" म्हणतं, आणि मग हमखास विचारतं, "कशामुळे?" ती आता कशी आहे, हा प्रश्न पुष्कळ नंतर येतो. कधी कधी येतच नाही.

ही मुलगी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातली. ती दोन वर्षांची असताना तिच्या छातीवर गाठ लागली आणि पुढे तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. साधारण पंधरा वर्षांपूर्वी ही बातमी जगभर फिरली. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दहा वर्षांच्या मुलीची बातमी आली होती आणि २०१५ मध्ये युटा राज्यातल्या आठ वर्षांच्या मुलीची. अशा बातम्या मधूनच पुन्हा उगवतात, तारीख पुसलेल्या, काल घडल्यासारख्या. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर अशीच एक आली, खाली सात-आठ रडके चेहरे आणि "आपल्या मुलींची काळजी घ्या" एवढीच सूचना. काळजी घ्या म्हणजे नेमकं काय करा, ते कुणीच लिहिलं नव्हतं.

तेव्हा माझी धाकटी साडेआठ वर्षांची होती, आणि त्याच सुमारास आंघोळीनंतर अंग पुसताना "आई, इथे दुखतंय" म्हणाली होती. डाव्या निप्पलच्या खाली बटणाएवढं काहीतरी कडक लागत होतं. उजवीकडे काहीच नाही. आता सांगताना हसू येतं, पण त्या रात्री मी जे काही वाचून काढलं त्याने झोप उडाली. ते वाचन मात्र वाया गेलं नाही.

तीन वर्षांच्या पोरीला स्तन असतो तरी कुठे, असा प्रश्न मलाही पडला होता. तर असतो, बीजरूपात. मुलगा असो की मुलगी, जन्मतःच निप्पलच्या मागे थोड्या दुग्धनलिका असतात. जिथे पेशी आहेत तिथे त्या बिघडूही शकतात, म्हणून हा आजार मुलग्यांमध्येही आढळला आहे. १९६६ मध्ये मॅकडिव्हिट आणि स्ट्यूअर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी सात मुलांमधल्या अशा गाठींचं वर्णन प्रसिद्ध केलं. पेशींच्या आतबाहेर दुधासारखा स्राव साठलेला दिसे, आणि गाठ वाढे अगदी सावकाश. आधी या प्रकाराला बालवयातला कर्करोग असंच म्हणत. नंतर मोठ्या माणसांतही सापडू लागला, किंबहुना मोठ्यांतच जास्त, तेव्हा त्या स्रावावरून त्याला सिक्रेटरी कार्सिनोमा म्हणू लागले. स्तनांच्या एकूण कर्करोगांत याचा वाटा ०.१५ टक्क्यांहूनही कमी आहे, आणि त्यातली लहान मुलं म्हणजे त्या अंशाचाही अंश.

गंमत म्हणावी तर अशी की हा कर्करोग बहुधा "ट्रिपल निगेटिव्ह" असतो, म्हणजे दोन हार्मोनच्या आणि हर-२ नावाच्या प्रथिनाच्या, अशा तिन्ही खुणा त्याच्या पेशींवर नसतात. ज्यांच्या घरात कुणाला स्तनांचा कर्करोग झालाय त्यांना हे दोन शब्द ठाऊक असतात आणि ऐकताच त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण मोठ्या बायकांत हा प्रकार आक्रमक असतो. सिक्रेटरी प्रकार मात्र त्याच शिक्क्याखाली राहून वेगळा वागतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उलटलाच तर कधी वीस वर्षांनीही उलटतो, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. म्हणजे तीन वर्षांची मुलगी बरी झाली तरी तिची तपासणीच्या तारखांची वही बंद होत नाही. कॉलेज, नोकरी, लग्न, सगळीकडे ती सोबत जाते.

आणि कशामुळे?

आमच्या ग्रुपवर त्याची उत्तरं अर्ध्या तासात जमा झाली होती. ब्रॉयलर कोंबडी. इंजेक्शन देऊन काढलेलं दूध. प्लास्टिकचे डबे. मोबाइल. एका काकांनी लिहिलं की परदेशात आया मुलांना अंगावर पाजत नाहीत, त्याचा हा परिणाम. एका आत्याने पूर्वजन्माचं काढलं. हे सगळं लिहिणारी माणसं वाईट नाहीत. काका तर कुणाच्याही दवाखान्यात रात्रभर बसायला तयार असतात. पण मला तेव्हा जाणवलं की या यादीतलं प्रत्येक उत्तर फिरून एकाच बाईपाशी जातं. कोंबडी कुणी शिजवली? डबा कुणी भरला? पाजलं कुणी नाही?

मोठ्या बाईला हा आजार झाला की आपल्याजवळ कारणांची यादी तयारच असते. पहिलं मूल उशिरा झालं, मूलच झालं नाही, वजन वाढलं, घराण्यात होता. त्यातली काही कारणं शास्त्राने मान्य केलेलीही आहेत, पण धोका वाढतो म्हणजे त्यामुळेच झाला असं नव्हे, आणि हे आपण त्या बाईसमोर बसल्यावर सोयीस्कर विसरतो. तिच्या आयुष्यातली एखादी गोष्ट चिमटीत धरून उचलतो आणि स्वतःशी म्हणतो, माझं तसं नाही. मग आपल्याला बरं वाटतं. तीन वर्षांच्या मुलीपाशी उचलण्यासारखं काही नसतं. तिचं आयुष्य म्हणजे दूध, वरणभात, खेळणी. मग हात आईकडे जातो. माझ्या मते "कशामुळे" हा प्रश्न पुष्कळदा आजाराबद्दल नसतोच. आपल्या घरात हे येणार नाही याची हमी मागण्याचा तो एक मार्ग असतो.

खरं कारण मात्र, या एका दुर्मिळ आजाराच्या बाबतीत, बरंच नेमकं सापडलेलं आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. कुठल्याशा एका पेशीत १२व्या आणि १५व्या गुणसूत्राचे तुकडे तुटतात आणि परत जोडले जाताना अदलाबदल होते. कल्याणला एका गाडीचे डबे दुसऱ्याच इंजिनाला लागावेत तसं. १२व्यावरचं ईटीव्ही६ नावाचं जनुक १५व्यावरच्या एनटीआरके३ला चिकटतं आणि त्यातून जे प्रथिन तयार होतं ते पेशीला थांबूच देत नाही, वाढ, वाढ म्हणत राहतं. २००२ मध्ये कॅनडातल्याच, व्हँकुव्हरच्या संशोधकांनी सिक्रेटरी कार्सिनोमात हा जोड दाखवून दिला. त्याआधी १९९८ मध्ये तो तान्ह्या बाळांच्या हातापायांत होणाऱ्या एका सारकोमात, म्हणजे स्नायूंसारख्या मऊ भागांच्या कर्करोगात, सापडला होता. हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो. ज्या बीआरसीए जनुकांमुळे घराण्यात स्तनांचा कर्करोग फिरतो, त्यांचा इथे सहसा संबंध नसतो. कोंबडीचा नाही, डब्याचा नाही, पाजण्या-न पाजण्याचा नाही. पेशी विभागताना एक चूक झाली, आणि ती त्या मुलीच्या वाट्याला आली.

यातलं मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. ज्या जोडामुळे आजार होतो तोच जोड औषधाचं लक्ष्य झाला. लारोट्रेक्टिनिब नावाच्या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ती देताना गाठ कुठल्या अवयवात आहे हे पाहिलं गेलं नाही, तर एनटीआरके जनुकाचा असा जोड तिच्यात आहे का, एवढंच पाहिलं गेलं. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी मान्यता एकदमच आली, आणि लहानांना गिळता यावं म्हणून ते पातळ औषधाच्या रूपातही मिळतं. बहुतेक मुलांना त्याची गरज पडत नाही, शस्त्रक्रियेवर भागतं. पण गाठ पसरली, काढता येण्यासारखी राहिली नाही, तर आता हातात काहीतरी आहे. किंमत ऐकली की अर्थात वेगळाच गोळा येतो.

बटणाची गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी धाकटीशी शाळेबद्दल गप्पा मारत दोन्ही बाजू तपासल्या, तिची उंची मोजली, जुन्या कार्डावरच्या उंचीशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "कळी आलीये. एका बाजूला आधी येते, दुसरीकडे काही महिन्यांनी येईल. दुखेल, दुखू दे." सोनोग्राफी करायची का, असं मी विचारलं. "तुम्हाला झोप येत नसेल तर करू," ते म्हणाले, "पण सुई घालायची नाही आणि कुणाला कापू तर अजिबात द्यायचं नाही." आणि मग अगदी सहज, पेन शोधता शोधता, त्यांनी सांगितलं की ती कळी म्हणजेच उद्याचा स्तन. ती काढली की त्या बाजूला पुन्हा काही उगवत नाही.

ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी मावसबहीण उभी राहिली.

ताई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. ती नऊ वर्षांची असताना तालुक्याच्या गावी तिच्या छातीतली "गाठ" काढली होती. मावशीच्या सासूबाई कर्करोगाने गेलेल्या, त्यामुळे घर आधीच धास्तावलेलं. सर्जनने सांगितलं काढून टाकू, विषय संपेल. गाठ साधी निघाली. मावशीने पेढे वाटले होते म्हणे. चार वर्षांनी ताईच्या एका बाजूला स्तन आला, दुसऱ्या बाजूला फक्त बारीक शिवणीचा व्रण राहिला. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे घरात कुणाला कळलंच नाही, किंवा कळलं असेल तर कुणी बोललं नाही. तिच्या ब्लाउजला एका बाजूला आतून जाड घडी घालून शिवून देणारी एकच शिंपीणबाई होती आणि ती बाई वारली तेव्हा ताई दोन दिवस रडली. लग्न ठरताना तिने नवऱ्याला स्वतःच सांगितलं. तो चांगला निघाला, हे नशीब. पण कितीतरी वर्षं ती नातेवाइकांच्या लग्नात शेवटी साडी नेसायची, खोलीत कुणी नसताना.

मी तिला फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला काहीच झालेलं नव्हतं?"

कर्करोगाच्या नोंदवह्यांत ताई कुठेच नाही. तिला कर्करोग नव्हता. भीतीपोटी जे अवयव जातात त्यांची नोंद कुठे होत असेल?

लहान मुलींच्या छातीतल्या गाठी जवळजवळ नेहमी निरुपद्रवी असतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलींत कधी कधी छाती थोडी फुगते, महिनोन्‌महिने तशीच राहते आणि बहुतेकींत आपोआप ओसरते. आठ ते तेराच्या दरम्यान कळी येते. वयात आल्यावर फायब्रोॲडेनोमा नावाच्या गुळगुळीत, सरकणाऱ्या गाठी होतात, त्या कर्करोगाच्या नव्हेत. क्वचित कधी घातक गाठ निघालीच तर तीही बऱ्याचदा मूळची स्तनाची नसते, ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा) किंवा स्नायूंचा सारकोमा तिथे येऊन बसलेला असतो. मॅमोग्राफीचा या वयात उपयोग नाही, बघायचंच तर सोनोग्राफीने बघतात. सतत वाढत जाणारी, दगडासारखी कडक, कळीच्या जागेपासून बाजूला असलेली, वरची कातडी ओढून घेणारी किंवा निप्पलमधून रक्त आणणारी गाठ असेल तर मात्र थांबायचं नाही. अशी गाठही लहान मुलं नेहमी बघणाऱ्या सर्जनकडे न्यावी, कारण कुठून किती कापायचं हे त्याला ठाऊक असतं.

आणि तान्ह्या बाळांचं तर वेगळंच. आईचे हार्मोन बाळाच्या अंगात आलेले असतात, त्याने जन्मानंतर काही दिवसांनी बाळाची छाती फुगते, क्वचित दोन थेंब दूधही येतं. मुलग्यांनाही. आमच्याकडे न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या मावशी ती दाबून "चीक" काढायच्या. नाही काढला तर पुढे गाठी होतात, अशी त्यांची पक्की समजूत. माझ्या थोरल्याच्या वेळी मी त्यांचा हात धरला तर त्या आठवडाभर रुसल्या होत्या. खरं म्हणजे दाबल्यानेच तिथे जंतू शिरतात, गळू होतं, कधी चिरा द्यावा लागतो, आणि मुलगी असेल तर त्या चिऱ्यात पुढची वाढच बिघडू शकते. गाठ होऊ नये म्हणून केलेला उपायच असा अंगाशी येतो. पण पाचशे बाळं न्हाऊ घातलेल्या बाईला हे सांगायचं धाडस घरात सहसा सुनेचं नसतं.

मग भ्यायचं तरी कोणत्या गोष्टीला? असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते फॉरवर्ड करण्यासारखं सनसनाटी नाही. मुलांच्या कर्करोगांत ल्युकेमिया, लिम्फोमा, मेंदूच्या गाठी हे मुख्य. भारतात दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलांना कर्करोग होतो असा अंदाज आहे. फोटो काढताना बाळाच्या एका डोळ्यात लालऐवजी पांढरी चमक दिसली तर ती रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या कर्करोगाची, खूण असू शकते, आणि वेळेत दाखवलं तर जीव वाचतो, अनेकदा डोळाही वाचतो. आठवडेच्या आठवडे न उतरणारा ताप, अंगावर उगाच उठणारे काळेनिळे डाग, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी. यावर कुणी रडके चेहरे टाकत नाही. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत तीसही होत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेशी त्याच, औषधंही पुष्कळशी तीच. मधलं अंतर उशिरा पोचण्याचं, पैसे संपल्यावर उपचार अर्धवट टाकण्याचं.

बालपण आणि स्तनांचा कर्करोग यांचा एक खराखुरा धागा आहे, तोही बातमीत येत नाही. लहानपणी किंवा ऐन विशीच्या आत हॉजकिन लिम्फोमासाठी ज्या मुलींच्या छातीला रेडिएशन दिलं गेलं, त्यांना पुढे तरुणपणीच स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो, जवळजवळ बीआरसीएचा दोष असलेल्या बायकांइतका. म्हणून त्यांची वार्षिक तपासणी पंचविशीपासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून, सुरू करायची असते. आता डॉक्टर रेडिएशन कमीत कमी द्यायचं बघतात, शक्य तिथे टाळतात. पण पूर्वी बऱ्या झालेल्या मुली आज तिशी-चाळिशीत आहेत, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या आहेत, आणि माहेरच्या फायली माळ्यावर आहेत. लहानपणी काय झालं होतं ते सासरी न सांगण्याची सक्त ताकीदही त्यांच्यातल्या काहींना असणार. आपल्याकडे हे काही अशक्य नाही.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या पुतण्याला ल्युकेमिया झाला, तेव्हा काही महिने माझं परळला जाणं-येणं झालं. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून तिथे उभं आहे आणि त्याच्या आसपासचे फुटपाथ कित्येक कुटुंबांनी घर म्हणून वापरलेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाचे पेशंट राहतात, २००६ पासून सेंट ज्यूडच्या केंद्रांत मुलांची आईवडिलांसकट फुकट सोय होते, तरीही माणसं उरतातच. तिथल्या बाकावर बसून मी जे ऐकलं त्यातलं पुष्कळ विसरले, पण नगरकडच्या एका आईचं बोलणं लक्षात राहिलं. "रोग काय, डॉक्टर बघत्यात. पण गावाकडून फोन येतो ना, तो नको वाटतो. जो तो इचारतो, तुमच्यात कुणाला होता का, तू पोटुशी असताना काय खाल्लंस." तिच्या मुलाच्या मूत्रपिंडात गाठ होती. तिने फोन बंद करून पिशवीत ठेवला होता आणि नवऱ्याला सांगितलं होतं, ज्याला डबा आणायचा असेल त्याचाच फोन मला दे.

तिच्यासमोर मी टक्केवारी काढली नाही. ०.१५ टक्के वगैरे आकडा आमच्यासारख्या घाबरलेल्यांना झोपवायला चांगला. ज्या घरात ते मूल आहे तिथे आकडा एकच असतो. त्या ओंटारियोच्या मुलीच्या आईला जगभरातून किती लोकांनी "किती दुर्मिळ!" असं कळवलं असेल, कोण जाणे. दुर्मिळ असण्याचा तिला काय उपयोग?

परवा शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, तुझ्या ओळखीत एखादा चांगला सर्जन आहे का. नात नऊ वर्षांची, पुण्याहून सुट्टीला आलेली, एका बाजूला गाठ लागतेय. काकूंचा चेहरा उतरला होता. मी सर्जनऐवजी आमच्या मुलांच्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि ताईची गोष्ट सांगितली. पूर्वी मी ती कुणाला सांगत नसे, पण ताईनेच आता सांग म्हटलंय. काकू ऐकत राहिल्या, मध्येच म्हणाल्या, "पण सून म्हणते चिकनमुळे होतं हे सगळं. चिकन बंद करू का?" मी म्हटलं, आधी दाखवून तर या.

संध्याकाळी त्या स्वतःच आल्या, मोकळ्या चेहऱ्याने. कळीच होती. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय, तपासणी काही नाही, फक्त घट्ट बनियन घालू नको म्हणाले.

"आणि चिकन?" मी विचारलं.

"ते बंदच केलंय बाई. उगाच कशाला!"